दोरीच्या आतलं घर

सकाळी उठलं की सून आधी कपडे मळवायची आणि मग तेच धुवायला बसायची. जगात मळले म्हणून धुतात, या घरात धुवायचे म्हणून मळवत. काजळीत तेल कालवायचं, नवऱ्याच्या सदऱ्याची कॉलर, बाह्या, पाठ त्याने चोळायची आणि वरून कोळशाची पूड दाबायची. संग्रहालयाच्या बाई फेरीला आल्या की सदरा दोन बोटांत उचलून बघत. "अजून काळा हवा," म्हणत. "लोक लांबून येतात, त्यांना कष्ट दिसायला हवेत." सून मान डोलवायची. कष्ट दिसावेत म्हणून आणखी कष्ट करायचे, हे बाईंना कळत होतं आणि तिलाही कळत होतं. फरक इतकाच की हात तिचे होते.

खाण बंद पडली तेव्हा तिचा नवरा शाळेत जात होता. खाली उतरायचं वय झालं तोवर उतरायला जागाच उरली नव्हती. मग त्याने मिळेल ते केलं. नळ दुरुस्त केले, ओझी उचलली, दुसऱ्यांच्या गाड्या धुतल्या. गाव हळूहळू रिकामं झालं, आणि गाव रिकामं झाल्यावर कोणाला तरी त्याचा इतिहास आठवला. खाणीच्या जुन्या कचेरीत काचेची कपाटं आली. त्यांत टिकाव, फावडी, दिव्याचे टोप मांडले. खऱ्या खाणीचं तोंड कधीच सिमेंटने बुजवलेलं होतं, म्हणून शेजारच्या टेकाडात एक नवा बोगदा खणला, लाकडाचे टेकू लावले आणि रुळांवर एक गंजका डबा उभा केला. टेकाडाखाली जुनी खाण सगळीकडून पोखरलेली होती, पण ती वरून दिसत नव्हती, आणि दिसत नाही त्याची चिंता संग्रहालयाला नसते.

कामगारांच्या खोल्यांची एक लांब रांग होती. तिथली माणसं उठवून गावाबाहेर पत्र्याच्या खोल्यांत नेली. शेवटची खोली मात्र माणसांसकट ठेवली, कारण तिच्यात सासरा होता, आणि सासरा आयुष्यभर खाली उतरलेला खरा खाणकामगार होता. असा माणूस आता मागून मिळत नव्हता. घर तेच राहिलं, माणसंही तीच राहिली, फक्त उंबऱ्याच्या आत एक लाल दोरी आली. पंखा गेला, गॅस गेला, प्लॅस्टिकची बादली गेली. कोळशाची शेगडी आली, पत्र्याचं घंगाळ आलं, भिंतीला मुद्दाम धूर दिला. दार दिवसभर उघडं. दोरीपलीकडे लोक, दोरीअलीकडे यांचा संसार. भाडं नाही, छप्पर पक्कं, नळ दाराशी. पत्र्याच्या खोल्यांत पाणी डोक्यावरून आणावं लागे, आणि तिथल्या उकाड्यात म्हातारा महिनाभरही टिकला नसता. तेव्हा पदरी पडलं ते पवित्र मानून दोघांनी हो म्हटलं होतं.

म्हाताऱ्याला हो किंवा नाही कोणी विचारलं नव्हतं. त्याची छाती कोळशाने भरलेली, पाय सुजलेले. खाटेवर भिंतीला टेकून तो बसलेला असे. पहिल्याच हंगामात एका बाईने दोरीवरून वाकून छत्रीच्या टोकाने त्याच्या गुडघ्याला टोचलं. "खरा आहे की पुतळा?" म्हाताऱ्याने डोळे उघडले. ती किंचाळली, मग स्वतःच हसली, मग सगळेच हसले. संग्रहालयाच्या बाईंच्या कानावर ते गेलं आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला, की आबांना सांगा, आधी अजिबात हलायचं नाही. कोणी हात लावला की मगच डोळे उघडायचे. लोकांना गंमत वाटते.

हे बापाला सांगायची पाळी मुलावर आली. खाटेच्या कडेला बसून तो खाली मान घालून म्हणाला, "आबा, नुसतं बसायचं आहे. दुसरं काही नाही."

"मेल्यावर बसेन की नुसता," म्हातारा म्हणाला. "आत्तापासून सराव कशाला?"

पण बसला. हंगाम संपेपर्यंत त्याच्या गुडघ्यावर हिरवेनिळे डाग पडले. सून संध्याकाळी तिथे गरम फडका धरायची आणि टोचणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. म्हातारा म्हणायचा, "जाऊ दे पोरी. खाली दगड पडायचे अंगावर. हे तर छत्रीवाले."

नवऱ्याचं काम आणखीच चमत्कारिक होतं. ज्याने आयुष्यात खाण आतून बघितली नाही त्याने रोज संध्याकाळी खाणीतून घरी यायचं. सकाळी लोक यायच्या आधी बोगदा झाडायचा, डब्याच्या चाकांना तेल द्यायचं, टेकू पुसायचे. मग दिवसभर तो घरी दिसता कामा नये. खाणकामगार दिवसा घरी कसा, बाई म्हणायच्या, लोक विचारतील ना. स्वतःच्या घरात दिवसाउजेडी पाय ठेवायची त्याला चोरी झाली. संग्रहालयाच्या आवारात कामावरच्या माणसाने आडवं होणंही मना होतं. तेव्हा दुपारी जेवणाची सुट्टी झाली, बोगद्याचं फाटक लागलं, की तो जेवणाचा डबा घेऊन फाटकाच्या कडेच्या फटीतून आत शिरे आणि पार टोकाला, अंधारात, गोणपाट टाकून झोपे. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

संध्याकाळी लांब भोंगा होई. तोंडाला काजळी फासून तो गल्लीतून येई, मागे पाहुण्यांचा घोळका. दारातल्या दगडावर बसून सदरा उतरवी, आणि सून घंगाळातलं पाणी त्याच्या पाठीवर ओतून पाठ घासून देई. लोकांना हे सगळ्यांत आवडायचं. पहिले काही दिवस तिचे हात लाजेने जड झाले होते. इतक्या वर्षांच्या संसारात चारचौघांत तिने त्याच्या खांद्यालाही हात लावला नव्हता. तो मान न वळवता पुटपुटायचा, "घास, घास. कातडं निघालं तर तेही कपाटात ठेवतील." तिला हसू दाबावं लागे. त्या पाठीवर तिचा जीव होता, आणि ती पाठ रोज संध्याकाळी अनोळखी माणसांच्या पुढ्यात तिला उघडी करावी लागे, याचा तिला राग येई. तरी संध्याकाळची ती वाटही बघायची. दिवसभरात नवरा तेवढाच हाताला लागायचा.

आगीतून फुफाट्यात पडायला निमित्त झालं म्हाताऱ्याचंच. एकदा एका शांत पाहुण्याने त्याला गोड बोलून विचारलं, "बाबा, अपघात व्हायचे का हो?" कितीतरी दिवसांनी त्याला कोणी टोचण्याऐवजी विचारलं होतं. म्हातारा फुलला. म्हणाला, पाळी बदलायचा भोंगा लांब असायचा. खाली काही झालं की तुटका भोंगा व्हायचा, तीनदा, आखूड. तो कानावर आला की रांगेतली प्रत्येक बाई आधी पेटती शेगडी पाणी ओतून विझवायची आणि तशीच अनवाणी खाणीच्या तोंडाशी पळायची. सगळे वर आल्याशिवाय कोणी शेगडी पेटवायची नाही, कोणी घास तोंडात घालायचा नाही. "माझा धाकटा भाऊ खाली राहिला तेव्हा आमच्या हिने शेगडीला हात लावला नाही. पोरं रडली. नाही म्हणजे नाही." एवढं बोलून तो खोकत बसला.

पाहुण्याने जाता जाता ते बाईंना सांगितलं. बाईंचे डोळे चमकले. आठवड्याभरात रोज दुपारचा नवा खेळ सुरू झाला. जेवणाच्या सुट्टीनंतर फाटकावरचा पहारेकरी दारात येऊन सांगे, "वहिनी, तयार राहा." मग तीनदा तुटका भोंगा होई, सून तांब्याभर पाणी शेगडीवर ओती, धुराचा लोट उठे, आणि ती अनवाणी गल्लीतून सिमेंटच्या त्या बुजवलेल्या तोंडापर्यंत पळे. मागे पाहुणे, हातात फोन. कोणी ओरडे, "अहो, जरा हळू पळा, फ्रेममध्ये येत नाही." ती परत येऊन ओले कोळसे उपसे आणि पुन्हा फुंकत बसे. डोळ्यांतून पाणी यायचं ते धुराने, पण लोकांना तेही चालायचं.

पहिल्या दिवशी म्हातारा भोंगा ऐकून थरथरला होता. मग त्याला रोज समजवावं लागलं. "खोटा आहे मामंजी, खेळातला आहे."

"तुटका भोंगा खोटा वाजवत नसतात," तो म्हणायचा. "हे मी कुठून बोललो. जीभ झडली असती तर बरं."

त्या वर्षी पाऊस हटेना. टेकाड भिजून मऊ झालं. खोलीच्या मागच्या भिंतीला केसाएवढी भेग होती, तिच्यात आता बोट जाऊ लागलं. नवरा एका रात्री जेवताना म्हणाला, "आत माती गळते गं. टेकू कुरकुरतात. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, कुरकुर छान वाटते, राहू द्या. हंगाम संपला की बघू."

"मग तुम्ही आत झोपू नका."

"मग कुठे झोपू? कपाटात?"

तिने त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

तो दिवस असा होता की दोरीपलीकडे चिटपाखरू नव्हतं. पाऊस आडवा येत होता, गल्लीतून गढूळ पाणी वाहत होतं. कोळसा भिजलेला, त्यामुळे शेगडी पेटवता पेटवता सुनेची सकाळ गेली होती. डोकं चढलेलं, कंबर धरलेली. कशीबशी डाळ उतरली, भात झाला. नवरा डबा घेऊन गेलेला. तिने म्हाताऱ्याचं ताट वाढलं, स्वतःचं वाढलं, आणि पहिला घास घेणार तोच भोंगा झाला. तुटका, तीनदा.

ती तशीच बसून राहिली. पहारेकरी सांगायला आला नव्हता, आणि तो आल्याशिवाय खेळ होत नसे. पाहुणे नव्हते, आणि पाहुण्यांशिवाय पळायचं कोणासाठी? कोणीतरी बटणाशी खेळलं असेल, नाहीतर बाईंकडे कोणी बडे लोक आले असतील आणि कचेरीत बसून त्यांना भोंगा ऐकवत असतील. "आता पावसाला दाखवायला पळू का?" ती स्वतःशी म्हणाली आणि भातात डाळ कालवली. हिशेब तिचा चुकला नव्हता. रोज खोटं वाजणाऱ्या भोंग्याचा हिशेब दुसरा कसा करायचा?

म्हातारा मात्र उठला होता. कित्येक महिन्यांत आधाराशिवाय न उठलेला माणूस भिंत धरून उभा राहिला, दोन पावलं आला, आणि तिला काही कळायच्या आत त्याने पाण्याची कळशी कलती करून शेगडीवर रिकामी केली. फस्सकन राख उडाली. दोन्ही ताटांत, भातावर, तिच्या तोंडावर राख.

"काय केलंत हे! सकाळपासून फुंकून फुंकून छाती फुटली माझी!"

"भोंगा झाला. चल तोंडाशी."

"खोटा आहे हो तो! रोजचा खोटा!"

"आजचा वाजवणारा हात वेगळा होता. चल म्हणतो ना." आणि त्याने तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या बोटांत इतका जोर कुठून आला कोण जाणे. ती हिसका देऊन सुटेना, आणि मग तिने सासऱ्याच्या थोबाडीत मारली.

आवाज मोठा झाला. म्हातारा खाटेच्या कडेवर बसला आणि गालाला हात न लावता तिच्याकडे बघत राहिला. तिला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, पण राग अजून उतरला नव्हता, आणि राग उतरेपर्यंत माणूस चुकीचंच वागत जातो. तिने राखेचा भात बाजूला केला, पातेल्यातला उरलेला वाढून ताट त्याच्यापुढे आपटलं. "जेवा."

"सगळे वर आले का?"

"आले."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगते. जेवा."

म्हाताऱ्याने तोंड मिटून घेतलं. "तर मग उपाशी राहा," ती म्हणाली आणि त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसली. भूक होती. तिने पोटभर खाल्लं, पातेलं निपटून खाल्लं.

ती हात धूत होती तेव्हा पहारेकरी आला. डोक्यावर पोतं, गुडघ्यापर्यंत चिखल. हा पहारेकरी साधा माणूस होता, बायको वारल्यापासून फाटकाशेजारच्या खोपटातच राहायचा. दोरी ओलांडायची त्याला सवय नव्हती, म्हणून पलीकडूनच बोलला.

"वहिनी, आज खेळ बंद. बोगदा मधोमध बसला. बसला तसा मी भोंगा दिला. सगळे बाहेर आहेत, मोजून बघितलं. नशीब, जेवणाची सुट्टी होती, आत कोणी नव्हतं. बाई म्हणाल्या, माणूस नाही ना आत, मग पाऊस थांबला की बघू." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "आज पाहुणे नाहीत, म्हणून तुमचे घरी जेवत असतील असं धरलं मी. कुठे दिसत नाहीत ते?"

सुनेच्या हातातला तांब्या पडला. ती दोरीत अडखळली, दोरी खुंट्यांसकट उपटून निघाली, आणि त्या चिखलातून ती अशी पळाली की खेळात ती कधी तशी पळाली नव्हती.

बोगद्याचं तोंड उभं होतं, आतून मात्र टेकाड खाली आलं होतं. यंत्र बोलावलं तर ते फाटकातच चिखलात रुतलं. हाताने खणायचं म्हटलं तर संग्रहालयात खणायचं हत्यार नव्हतं. म्हणजे होतं, काचेच्या कपाटांत. पहारेकऱ्याने काच फोडली तेव्हा बाई ओरडल्या, "अहो, ते टिकाव जुने आहेत, मोडतील!" आणि ते मोडलेच. दांडे किडलेले, दोन घाव घातले की तुकडा हातात. शेवटी माणसं पाट्यांनी, पत्र्यांनी, पंज्यांनी माती उपसू लागली. सून सगळ्यांत पुढे होती. बाई छत्री धरून तिच्या मागे उभ्या राहिल्या, कारण त्या अगदीच वाईट नव्हत्या. "पण आत झोपायची परवानगी नव्हती," त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मी कितीदा सांगितलं होतं. तुम्ही तरी भोंग्याला यायचं होतं वहिनी. आला असतात तर तेव्हाच कळलं असतं."

दिवस मावळताना तो सापडला. टोकाला जिथे तो झोपायचा तिथे छत पडलंच नव्हतं. तो गोणपाटाजवळ नव्हता, मधल्या ढिगाला खेटून बसला होता. अंगावर जखम नाही, हाड मोडलेलं नाही. हवा संपली होती, बस्स. हातात जेवणाच्या डब्याचं झाकण होतं, खणून खणून दुमडलेलं.

"वहिनी, हात बघू नका त्याचे," पहारेकरी म्हणाला.

तिने बघितले. नखं नव्हती. ती राखेवरून भांडत होती तेव्हा तो खणत होता. ती पातेलं निपटत होती तेव्हाही खणत होता. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याला पोचवून आल्यावर घर काही दिवस बंद राहिलं. मग दोरी पुन्हा बांधली गेली. माणसं पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागली. आधी बोगद्याचा ढीग बघायचे, मग विचारत विचारत या दाराशी यायचे आणि आवाज खाली आणून म्हणायचे, "हीच का ती?" सून शेगडी फुंकायची, कपडे मळवायची. बाईंनी तूर्त भोंग्याचा खेळ थांबवला होता. कपडे मात्र चालू ठेवा म्हणाल्या.

म्हातारा जेवत नव्हता. पहिल्या दिवशी तिला वाटलं दुःख आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी ती घास घेऊन बसली तेव्हा त्याने विचारलं, "सगळे वर आले का?" तेव्हा तिला कळलं की हे दुःख नाही. मुलाला त्याच्या समोरून नेलं होतं, तो बघत होता, पण ते त्याच्या डोक्यात कुठे शिरलंच नव्हतं. त्याचा भोंगा अजून वाजत होता.

"आले, मामंजी."

"मग दाखव."

ती रडली, पाया पडली, मारल्याची माफी मागितली. म्हातारा तिच्या डोक्यावरून हात फिरवायचा आणि तोंड मिटून घ्यायचा. चमच्याने पाणी पाजलं तर तेवढं घ्यायचा. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला वय झालं. खाटेवर त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, आणि दोरीपलीकडून कोणीतरी म्हणालंच, "बघा, कसं ठेवत असतील त्या काळी कामगारांना." नवरा तिच्या हाताने गेला असं तिला वाटतच होतं. आता सासराही त्याच हाताने चालला होता.

तशात बाई आल्या. दोरी ओलांडून आत येऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला.

"मी तुमच्या बाजूने आहे हे आधी लक्षात घ्या," त्या म्हणाल्या. "पण विश्वस्तांचं म्हणणं, हे खाणकामगाराचं घर आहे, तर घरात खाणकामगार हवा. संध्याकाळचा प्रसंग बंद पडला आहे, लोक तोच बघायला येतात. माणूस नसेल तर त्यांना दुसरं कुटुंब ठेवावं लागेल."

"आणि मामंजी?"

"ते इथे राहिले असते तर चांगलंच झालं असतं," बाई मनापासून म्हणाल्या. "पण एकटे कसे राहणार? तुमच्याबरोबर न्यावं लागेल, पत्र्याच्या खोल्यांकडे. नाहीतर... म्हणजे मी नुसतं सुचवते आहे, आपला पहारेकरी आहे. उंची सारखीच आहे. फक्त संध्याकाळपुरतं."

बाईंना वाटलं सून आता किंचाळेल, म्हणून त्यांनी हात सोडवून घेतला. पण तिची नजर खाटेकडे होती.

पहारेकरी दुसऱ्या दिवशी दोरीपाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात. "मी नाही म्हटलं होतं, वहिनी. त्या म्हणाल्या, मग दुसरा कोणी बघू. दुसरा कोण कसला येईल, म्हणून... तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता जातो."

तिने त्याला खालून वर पाहिलं. "सदरा होईल तुम्हाला," ती म्हणाली. "आत या. तोंड मीच रंगवते."

त्या संध्याकाळी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. लांब भोंगा झाला. तिच्या नवऱ्याचा सदरा घालून, तिने फासलेली काजळी तोंडावर घेऊन पहारेकरी गर्दीतून आला आणि दगडावर बसला. त्याने सदरा उतरवला. ही पाठ अरुंद होती, मणके वर आलेले, खांद्यावर जुन्या भाजल्याचा डाग. सुनेने तांब्या भरला आणि ओतला. तिचा हात पाठीवर टेकला तसा तो माणूस शहारला आणि त्याने मान खाली घातली. ती घासत राहिली.

आतून खाटेवर हालचाल झाली. म्हाताऱ्याने दाराकडे मान वळवली होती.

"कोण आलं?"

पहारेकऱ्याने सुनेकडे बघितलं. तिने हळूच मान हलवली.

"मी, आबा," तो म्हणाला.

म्हातारा त्या काळ्या तोंडाकडे बघत राहिला. "सगळे वर आले का रे?"

हे पहारेकऱ्याच्याने बोलवेना. याच दोरीपलीकडे उभं राहून त्यानेच एकदा सगळे बाहेर आहेत म्हणून सांगितलं होतं. त्याचे डोळे भरले आणि काजळीतून दोन ओघळ उतरले. दोरीपलीकडे कोणीतरी वा म्हणालं.

"अरे बोल ना. मागे कोणी राहिलं का?"

सून उठली. ओले हात पुसून तिने ताट घेतलं, खाटेजवळ बसली, भात कालवून घास केला आणि म्हाताऱ्याच्या ओठांशी धरला.

"कोणी नाही राहिलं, मामंजी," ती म्हणाली. "सगळे वर आले."

म्हाताऱ्याने तोंड उघडलं. त्याने घास चावला, कष्टाने गिळला आणि पुढच्यासाठी पुन्हा तोंड उघडलं. ती भरवत राहिली. त्याचं पोट भरत होतं, त्याचा तिला आनंद झाला, आणि त्या आनंदाची तिला किळस आली.

दोरीशी उभ्या असलेल्या एका बाईने फोन वर धरला. "ताई, ते शेवटचं पुन्हा एकदा म्हणाल का? माझं रेकॉर्डिंग सुरूच झालं नव्हतं."

सुनेने मागे उभ्या असलेल्या संग्रहालयाच्या बाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. सुनेने हातातला घास तसाच धरून तोंड दोरीकडे वळवलं.

"सगळे वर आले," ती म्हणाली, या वेळी जरा मोठ्याने.